ट्रिगरच्या टोप्या

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही, कारण आमच्या भिंगरीची गाडी सुरूच होत नव्हती.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी, पहिलीतली, आणि गाडी म्हणजे टीव्हीवरच्या गेममधली. बापलेक दर रविवारी शर्यत लावतात. हिरवा दिवा लागला की बाबाची गाडी धूळ उडवत निघून जाते आणि भिंगरीची तिथेच उभी. बाबा फेऱ्या मारून दमतो, तरी ही आपली रेषेवर, शांत. त्यात तिच्या वर्गशिक्षिकांचा मेसेज आला होता: ‘तुमच्या मुलीबद्दल थोडं बोलायचं आहे. शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल करू या.’ झालं. त्या ‘थोडं’मध्ये काय काय मावतं याचा मी पहाटेपर्यंत अंदाज घेत राहिले. मुलगी बुजरी आहे. मागे पडतेय. आणि हे सगळं माझ्यामुळे, कारण गरोदरपणात मी सारखी घाबरायचे. (आताही घाबरते, पण तेव्हा निदान निमित्त होतं.)

सकाळी नाश्त्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “गाडी सुरू करायला बोट पोचत नाही का गं तुझं?”

“हं,” ती म्हणाली. तोंडात पाव होता, त्यामुळे तो होकार होता की नुसता पाव, याच्या खोलात मी गेले नाही. मला कारण मिळालं होतं.

गेम खेळताना दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरच्या मागे, तर्जनीखाली, दोन ट्रिगर असतात. उजवा दाबला की गाडी पळते, डावा दाबला की थांबते. छोट्या बोटांना पोचावेत म्हणून त्यांच्यावर चढवायच्या लांबट, खरबरीत टोप्या मिळतात, असं मला इंटरनेटवर कळलं. मागवण्याआधी मी भिंगरीचं बोट टेपने मोजलं. (“आई, मला अंगठी करतेयस?” “हो.” मुलांशी खोटं बोलू नये हे मी वाचलेलं आहे.)

टोप्या आल्या नेमक्या त्या शनिवारी. चढवल्या, तर किंचित हलत होत्या. मी झटपट चिकटणारा गोंद काढला.

“त्यांना क्लिप आहे. गोंद कशाला?” नवरा टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला.

“ऐन शर्यतीत टोपी निघाली तर? तिच्या मनावर परिणाम होईल.”

“आणि कंट्रोलरवर?”

“तुला कंट्रोलर महत्त्वाचा की मुलगी?”

त्याने जरा विचार केला (तो विचार मी लक्षात ठेवला आहे) आणि आंघोळीला गेला.

मी गोंद लावला, टोप्या बसवल्या, आणि नीट बसल्यात का ते बघायला गेम सुरू करून दोन्ही ट्रिगर दाबून धरले. बसल्या होत्या. टोप्या ट्रिगरांना आणि माझ्या दोन्ही तर्जन्या टोप्यांना. शिवाय गोंद आत ओघळून उजवा ट्रिगर दाबलेला तो तसाच राहिला. टीव्हीवर गाडी सुसाट सुटली आणि कठडा तोडून समुद्रात पडली. गेमने तिला मायेने उचलून रस्त्यावर ठेवलं. ती परत समुद्रात. डाव्या बोटाने ब्रेक लावून पाहिला, तर जागच्या जागी गरगर फिरत धूर सोडू लागली. प्रत्येक आपटीला कंट्रोलर थरथरायचा आणि त्याच्याबरोबर कोपरापर्यंत मी.

माझ्या हाका ऐकून नवरा साबणासकट बाहेर आला. “ओढू नकोस, कातडी निघेल. नेलपॉलिश रिमूव्हरने सुटतं. आहे का घरात?”

“शेवटचं नेलपॉलिश मी आपल्या लग्नात लावलं होतं.”

तो शर्ट उलटा घालून दुकानाकडे पळाला. जाता जाता गेम बंद करावा हे त्याला सुचलं नाही, मलाही नाही. आणि टीव्हीच्या बटणांना हात लावायचा नाही हे भिंगरीला मीच शिकवलेलं.

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. बाई.

“घेऊ नकोस” म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत भिंगरीने लॅपटॉप माझ्यासमोर ओढला, माझं डोकं नीट दिसावं म्हणून लॅपटॉपखाली उशी सारली, माझे केस कानामागे केले आणि कॉल घेतला. मी हात टेबलाखाली नेले.

“नमस्कार,” बाई म्हणाल्या.

“न-न-न-नमस्कार.” गाडी आपटली होती.

“बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

“आईला गेम सोडता येत नाहीये,” भिंगरी म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. “कधीपासून होतंय असं?”

“स-सकाळपासूनच,” मी म्हणाले.

“सकाळी उठल्याबरोबर? हे बघा, लाजू नका. मनाचा निश्चय केला की सुटतं. माझ्या भावाचं सुटलं.”

“निश्चयाने नाही, रिमूव्हरने सुटतं,” भिंगरी म्हणाली. “बाबा आणायला गेलाय.”

बाईंनी चष्मा परत चढवला. तेव्हा मी दोन्ही हात, कंट्रोलरसकट, टेबलाच्या वर काढले आणि टोप्यांपासून गोंदापर्यंत सगळं सांगितलं. मधेच दोनदा समुद्रात पडले. बाई अचानक कॅमेऱ्यातून नाहीशा झाल्या. नुसता हसण्याचा आवाज येत राहिला. परत आल्या त्या डोळे पुसत.

“हं. तर मला हिच्याबद्दल बोलायचं होतं.”

माझी छाती धडधडली. (छातीच. कंट्रोलर तेव्हा शांत होता.) “मला कल्पना आहे, बाई. बुजरी आहे ती. मागे मागे राहते.”

“बुजरी? अहो, वर्गाची रांग ही लावते. परवा मला म्हणाली, बाई, तुम्ही दमलात, बसा, हजेरी मी घेते. आणि मी बसले हो. तेवढं जरा कमी करता आलं तर बघा, एवढंच सांगायचं होतं.”

मी भिंगरीकडे वळले. ती माझ्या कपाळावरचा घाम रुमालाने टिपत होती.

“मग शर्यतीत गाडी का उभी ठेवतेस गं? बोट पोचत नाही म्हणूनच ना?”

“पोचतं की,” भिंगरी म्हणाली. “पण गाडी जरा हलली की तू मागून सुरू करतेस, ‘हळू, हळू, पुढे वळण आहे.’ उभी ठेवली की गप्प बसतेस.”