कारखान्याचा एकमेव कामगार

बंद पडलेल्या बिअर कारखान्याच्या जागेवर मनःशांती केंद्र उभे राहणार होते आणि नियमाप्रमाणे अशा उद्घाटनाला परिसराच्या इतिहासाची एक पुस्तिका लागत असे. ती लिहिण्याचे काम निवृत्त ग्रंथपालबाईंकडे आले. पात्रता दोन होत्या: अक्षर चांगले आणि नाही म्हणण्याची सवय नाही.

बाईंनी मात्र जीव ओतला. कारखान्याच्या गोदामात त्यांना जुना हजेरीपट सापडला. वाळवीने फक्त समास खाल्ला होता, तीनशे बारा नावे शाबूत होती. सातू कोण भिजवत होते, हौद कोण ढवळत होते, पिंपे कोण धूत होते, सगळे होते. आठ महिने खपून बाईंनी लिहिले की हा सारा परिसर कारखान्याने वसवला आणि शाळेचे पहिले बाकसुद्धा मोडक्या पिंपांच्या फळ्यांचे होते. स्वतःच्या वडिलांचीही एक ओळ त्यात होती : 'हौद ढवळणारे, दुसरी पाळी.' ती लिहिताना त्यांना भरून आले होते.

मसुदा हरकती व सूचनांसाठी तीस दिवस प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावण्यात आला.

पहिल्याच दिवशी दातांचे डॉक्टर आले.

"बाई, आमचे आजोबा पिंपं धूत होते असं लिहिलंय तुम्ही."

"धूतच होते. हजेरीपटात आहे."

"असेल. पण धुणं म्हणजे काय? शुद्धता. ते शुद्धता विभाग सांभाळायचे."

"त्या विभागात आणखी कोण होतं?"

"कुणीच नाही. म्हणजे प्रमुख तेच झाले ना!"

बाईंनी साफ नकार दिला. डॉक्टर थेट प्रभाग अधिकाऱ्यांकडे गेले. अधिकाऱ्यांची दाढ त्याच आठवड्यात काढायची होती. "इतिहास लोकांसाठी असतो," त्यांनी बाईंना समजावले, "आणि लोकांची हरकत आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचे शेजारी उगवले. पिंपे धुणारा जर विभागप्रमुख, तर सातू भिजवणारे आमचे आजोबा काय त्याच्या हाताखाली होते? त्यांना मुख्य जलव्यवस्थापक करण्यात आले. मग फाटकावरचा पहारेकरी आवक-जावक संचालक झाला. सातूच्या पोत्यांवरचे उंदीर हाकलणाऱ्या गृहस्थांच्या नातवाने धान्यसुरक्षा सल्लागार हे पद आधी नाकारले आणि 'वरिष्ठ' लावल्यावर स्वीकारले. महिनाअखेर कारखान्यात तीनशे अकरा अधिकारी झाले.

एवढ्यावर भागले नाही. रहिवासी संघाच्या सचिवांनी हरकत घेतली की पुस्तिकेवरून इथले लोक पीत असत असा समज होतो. घरोघरी प्रतिज्ञापत्रे भरून घेण्यात आली. एकाही कुटुंबात, एकाही पिढीत, कुणी थेंबालाही शिवले नव्हते.

मग मसुदा तपासनिसांकडे गेला. तो पूर्ण वाचणारे कार्यालयातले ते एकटेच. त्यांनी लाल शाईने शेरा मारला : 'रोज नऊ हजार बाटल्या तयार होत. तयार करणारे : निरंक. पिणारे : निरंक. खुलासा करावा.'

सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. हजेरीपटातले फक्त एक नाव असे उरले होते, ज्याच्याबद्दल कुणाचीच हरकत आली नव्हती. बाटल्यांना बुचे बसवणारे, म्हणून सगळे त्यांना बूचकाका म्हणत. वय शहाऐंशी, मागे-पुढे कुणी नाही, बिऱ्हाड जुन्या धुराड्यामागच्या एका खोलीत. बाईंच्या पुस्तकातला अर्धा मजकूर त्यांनीच चहा पाजत पाजत सांगितला होता.

अधिकारी, सचिव, डॉक्टर आणि बाई असे सगळे त्या खोलीत गेले.

"काका, तुम्ही कारखान्यात काम करत होता?"

"मग! एकेचाळीस वर्षं."

"आणि पीतही होता?"

"शनिवारी एक बाटली मिळायची. ती काय मोरीत ओतणार?"

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "लिहून घ्या," ते म्हणाले, "गणित जुळलं."

पुस्तिका छापून आली. तिच्यानुसार बूचकाका रोज एकट्याने सातू भिजवत, हौद ढवळत, पिंपे धूत, नऊ हजार बाटल्या भरत आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच पिऊन टाकत. तीनशे अकरा अधिकारी त्यांच्यावर देखरेख ठेवत, पण सुधारणा झाली नाही.

आता एवढा पट्टीचा पिणारा मनःशांती केंद्राच्या भिंतीला लागून राहतो, हे रहिवासी संघाच्या लक्षात आले. पुस्तिका सरकारी होती, त्यामुळे वेगळा पुरावा लागला नाही. पान सेहेचाळीसच्या आधारे काकांना व्यसनमुक्ती गृहात हलवण्याचा आणि खोली ताब्यात घेण्याचा हुकूम निघाला. कागदावर त्यांची सही आणायला बाईंना पाठवण्यात आले, कारण त्यांचा काकांशी घरोबा होता.

काकांनी पिशवी भरून ठेवली होती. दोन सदरे, चष्मा, दाढीचे सामान. हुकूम त्यांनी सावकाश वाचला.

"पोरी, एकट्यानं नाही गं केलं मी," ते म्हणाले. "तुझे वडील समोरच्या हौदावर असायचे. वाफेत तोंडं दिसायची नाहीत, मग आम्ही एकमेकांना हाका मारत राहायचो. ते तरी लिहिलंयस ना तू?"

बाईंच्या नातीला एक चांगले स्थळ सांगून आले होते. वराकडची मंडळी पुस्तिका वाचणार, हे सुनेने दोनदा ऐकवले होते. एकोणतिसाव्या दिवशी आलेला हरकतअर्ज क्रमांक तीनशे अकरा बाईंच्याच सुवाच्य अक्षरात होता. त्यांचे वडील आता द्रवगती अभियंता होते.

"लिहिलंय, काका," बाई म्हणाल्या.

"मग झालं," काका म्हणाले आणि त्यांनी सही केली. दारातल्या गाडीत चढताना त्यांनी कुणाचा हात घेतला नाही.

पहिली आवृत्ती आठवड्यात संपली. प्रत्येकाने आपापल्या आजोबांचे पान तेवढे वाचले आणि पुस्तिका अभ्यासपूर्ण असल्याचे सांगितले. दुसऱ्या आवृत्तीत आसपासच्या वस्त्याही घेण्यात येणार आहेत. इथपर्यंत हसत आलेल्या वाचकांचे आजोबा नेमके काय करत होते, याची विचारणा कार्यालयाने अजून केलेली नाही. दुरुस्तीचे अर्ज खिडकी क्रमांक चारवर मिळतात. रांग मोठी आहे, पण उभे राहायला हरकत नाही. सगळे ओळखीचेच भेटतील.