कॉकवाले दिगूकाका

कुणाच्याही घरी गेले की दिगूकाका सामंत बसायच्या आधी विचारायचे, "पाण्याचो मेन कॉक खंय?" नुसतं विचारून थांबायचे नाहीत, मोरीत जाऊन स्वतः फिरवून बघायचे. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही गोरेगावला गेलो, तेव्हा पोहे बाहेर यायच्या आधी हे आत गेलेले. मुलीच्या वडिलांना म्हणाले, "गंजलो आसा. तेल सोडा, नायतर ऐनवेळी दगा देतलो."

लग्न तरीही जमलं.

कांदिवलीला ते आमच्या समोरच्या दारात एकटेच राहायचे. दर संकष्टीला, चंद्र उगवेपर्यंत करायचं काय म्हणून, आमचा कॉक फिरवून जायचे. नीला, माझी बायको, पदराआड हसायची.

एका रविवारी दुपारी आमच्या ओट्याखालचा पाइप फुटला. मी फडकं दाबून बसलो, तर पाणी दुप्पट जोराने तोंडावर. नीलाने समोरचं दार वाजवलं.

काका बनियनवरच आले. "फडक्यान पाणी थांबता काय रे? आधी कॉक." एका हाताने तो फिरला आणि पाणी थांबलं. ओल फ्रिजच्या प्लगकडे पसरत होती. "नीला, हात पुस आणि मेन स्विच बंद कर. ओल्या हातान नको."

मी प्लंबरला आणायला चपला घातल्या.

"प्लंबर मगे. आधी खाली चल. पाणी आपला, पण छत त्यांचा."

खाली जोशीबाई. जिन्यातल्या माझ्या सायकलवरून आमचं बोलणं बंद होतं. मी घुटमळलो. काकांनी दंड धरला. "शिवी देतली, ती खाऊन घे."

जोशीबाईंनी शिवी दिली नाही. दार उघडलं आणि त्यांना रडूच फुटलं. त्यांचे यजमान अर्धांगवायूने पडून होते आणि छतातली धार नेमकी उशीवर. पलंग त्यांना एकटीला हलवत नव्हता. आम्ही दोघांनी तो सरकवला, गळतीखाली पातेलं लावलं.

"छताचं काम आम्ही करून देऊ," मी म्हणालो.

"ते बघू. आधी चहा घ्या," जोशीबाई डोळे पुसत म्हणाल्या.

असा माणूस आमच्या समोरच्या दारात राहतो, हे मी पुढे सासुरवाडीत छाती फुगवून सांगायचो.

त्या दुपारी चहा येईपर्यंत मी फरशी पुसत होतो. काकांनी ओली उशी काढून यजमानांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि टॉवेलने त्यांचे केस टिपत होते, लहान मुलाचे टिपावेत तसे.

"माझी आवस अशीच पडून होती," ते आईबद्दल हळूच म्हणाले. "वरून गळायचा. मी कामार. वरचो कोण खाली बघूक इलो नाय."

प्लंबरला घेऊन आलो आणि काकांना वर बोलवायला पुन्हा जोशीबाईंकडे गेलो. काका उठले नाहीत.

"तू जा," ते म्हणाले. "हेंका झोप लागेपर्यंत मी बसतंय."