जानवशासाठी धुतलेली भिंत

भिंत कशी धुवावी हे आख्ख्या ठाण्याला कुणी शिकवावं, तर मी! हसू नका. आमच्या तीन पिढ्या मिठागरात गेल्या. पांढरं म्हणजे काय ते काळुरामला विचारा!

पण गावात कौतुक कुणाचं? शेजारच्या गोपीनाथचं! त्याचं असं झालं, अण्णा पाटलांच्या नंदाचं लग्न ठरलं, नवरा शहाडचा. वऱ्हाड बैलगाड्यांनी येणार. अण्णांनी देवळात सांगून टाकलं, "ज्याचं घर बाहेरून चकचकीत, त्याच्याकडे जानवसा!" वऱ्हाड आपल्या घरी उतरणार म्हणजे केवढा मान! दारात वाजंत्री, नवऱ्याच्या बापाच्या मांडीला मांडी लावून पहिल्या पंगतीत आपण! मला तो मान हवा होता. खरं सांगू? त्याहून जास्त, तो गोपीनाथला मिळायला नको होता.

त्यानं दुसऱ्याच दिवशी घर धुवायला काढलं. आमची गोदा ओटीवर उभी राहून बघत होती.

"अवो, बघा तरी! सोड्याचं पाणी मारतात, जरा मुरू देतात, मग काथ्यानं हलक्या हातानं घासतात. काय भिंत दिसते!"

"तुला त्याचीच भिंत दिसते!"

"आपली कशी दिसणार? ती शेवाळाखाली आहे!"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. आख्ख्या संसारात या बाईनं माझ्याकडे असं डोळे भरून बघितलं नव्हतं, आणि गोपीनाथच्या भिंतीकडे बघत होती!

सोडा आणायचा म्हणजे त्याची नक्कल. मेलो तरी नाही! मी विटेनं घासून बघितलं, तर शेवाळाबरोबर गिलावाही हातात आला. राख लावली, तर हिरवी भिंत करडी झाली. गोपीनाथ कुंपणावरून म्हणतो कसा, "सोडा उरलाय रे थोडा, देऊ का?"

"ठेव तुलाच!" मी म्हटलं, आणि रागाच्या भरात मिठागरावर गेलो. तिथेच डोक्यात उजेड पडला. मीठ पिकवायच्या कोंडीतलं हे दाट खारं पाणी! मीठ मळ खातं. मिठात शेवाळ जगेल काय? पिंपं भरली, गाडीवर घातली, घरी आणली.

"मागनं गोड्या पाण्यानं धुवा हो," गोदा म्हणाली.

"तुला काय कळतं? उन्हात सुकू दे."

सुकली. आणि काय सांगू! भिंत अशी पांढरी झाली की बघणाऱ्यानं डोळ्यांवर हात धरावा. अण्णा आले आणि बघतच राहिले. "काळुराम, जानवसा तुझ्याकडे!" गोपीनाथचा चेहरा पडला. "कुठला सोडा रे?" त्यानं हळूच विचारलं.

"घराण्याची गुपितं अशी सांगत नसतात!"

त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

लग्नाच्या दिवशी वाजतगाजत गाड्या दारात आल्या. नवऱ्याचे वडील धोंडीबा उतरले. "वा! घर आहे की देऊळ!" मी गोपीनाथ ऐकतोय ना, ते वळून बघितलं. ऐकत होता!

तेवढ्यात गाडीवानांनी बैल सोडले. शहाडपासून चालून दमलेले बिचारे. त्यातला एक आला, त्यानं भिंत हुंगली आणि चाटली.

"मुक्या जनावरालाही आवडली!" मी म्हटलं. सगळे हसले.

मग दुसरा आला. मग तिसरा. मग सगळेच! खसाखसा चाटायला लागले. गावातल्या म्हशी आल्या, शेरडं आली. एक बैल थेट ओटीवर चढला. नवऱ्याची आजी किंचाळत ट्रंकेवर उभी राहिली. दाराचं तोरण कुणीतरी खाल्लं. मी एकाला "हाट, हाट!" करत ढकलला, तर त्यानं वळून माझाच घामेजला गाल चाटला!

धोंडीबांनी भिंतीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. "अहो अण्णा, ही भिंत खारट आहे!"

"काळुराम!" अण्णा ओरडले.

"या, या मंडळी, आमच्याकडे या!" गोपीनाथ हात जोडून फाटकात उभा. जसा काही जन्मल्यापासून तिथंच उभा होता, मेला! आजीला हात देऊन त्यानं उतरवलं, वाजंत्रीही घेऊन गेला. वऱ्हाड गेलं, पण बैल काही हलेनात. कासरे ओढले, शेपट्या पिरगाळल्या. शेवटी धोंडीबा वैतागून म्हणाले, "राहू द्या त्यांना इथंच!"

तिकडे गोपीनाथकडे पंगत बसली. तो धोंडीबांच्या मांडीला मांडी लावून जेवत होता. इकडे मी पेंढा टाकत होतो.

"तोंड का पाडलंत?" गोदा बाहेर आली. "जानवसा मिळाला ना? पाहुणे बघा किती गुणाचे. ना मानपान, ना रुसवाफुगवा!"

ती पुढे गेली, भिंतीवरून हात फिरवला आणि थबकली. बैलांनी चाटलं तेवढी भिंत गुळगुळीत, निर्मळ झाली होती. कुठे शेवाळ नाही, कुठे मीठ नाही.

"अगंबाई! गोपीनाथभावोजींच्या भिंतीपेक्षा छान!" असं म्हणून गोदानं डोळे भरून बघितलं.

बैलाकडे!