आजोबांच्या खुर्चीमागची जागा

मृणाल, रोहन,

कोणाचे बोलणे पटले नाही की तुमचे बाबा "डबल" म्हणतात. हे आपल्या घरात कुठून आले, असे मृणालने परवा फोनवर विचारले. तो शब्द बापूंचा, तुमच्या आजोबांच्या जिवलग मित्राचा. त्यांच्याबरोबर खेळलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहायला बसले.

मला बघायला आले तेव्हा तुमच्या आजोबांबरोबर बापू होते. माझे वडील म्हणाले, "मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, पण स्वयंपाकातही तरबेज आहे." बापू शांतपणे म्हणाले, "डबल." वडिलांना वाटले, पाहुण्यांना आणखी पोहे हवेत. त्यांनी बशी भरून दिली. बापूंनी तीही संपवली.

ब्रिजमध्ये चौघे असतात, समोरासमोरचे दोघे जोडीदार. आधी बोली लागते, आपण किती हात करू याची. दुसऱ्या जोडीची बोली पटली नाही तर "डबल" म्हणायचे. मग ते फसले तर त्यांचा दंड वाढतो. बोलायचे नसेल तर "पास". ज्या जोडीची बोली ठरते, तिच्यातला तो रंग आधी म्हणणारा डाव खेळतो. त्याचा जोडीदार आपले पत्ते उघडे मांडून मोकळा होतो. त्याला डमी म्हणतात.

बापू कसबा बावड्याचे. ऊस, गुऱ्हाळ, दोन म्हशी आणि आजोबा, एवढाच त्यांचा संसार. लग्न केले नाही. मंडईत माळीण म्हणाली, वांगी आजच तोडलीत, की हे "डबल". कीर्तनात बुवांनी वैराग्याची गोडी सांगितली, तर मागच्या रांगेतून "डबल". पास मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. "पास म्हंजे भ्यालं की मानूस," असे त्यांचे शास्त्र.

दर रविवारी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी डाव बसे. चौथे शेजारचे डॉक्टर. पाने ओढून जोड्या ठरत. बापूंच्या समोर आजोबा आले की हातात काही असो नसो, आजोबांनी म्हटलेला रंग हे चढवत न्यायचे. डाव आजोबांनी खेळावा आणि आपण डमी व्हावे, एवढ्यासाठी. मग पत्ते मांडून आजोबांच्या खुर्चीमागे भिंतीला डोके टेकून उभे. बहुतेक वेळा हरत. मी टोचले तर म्हणत, "हारलो, पर बघितलं की."

काय बघितले, ते सांगत नसत. नुसते हसत, आणि आजोबांना विचारले की ते म्हणत, "मला काय माहीत गं."

माझ्या समोर आजोबा आले, तर आम्ही साधे "एक किलवर" म्हटले तरी बापूंचे "डबल" तयार. आणि आजोबांचा शिष्टाचार असा, की डाव नेहमी मला खेळू द्यायचा. मी हात मोजत बसे आणि आजोबा डमी होऊन चहा सांगायला आत. त्यांना खेळताना मी समोरून किंवा बाजूने पाहिले होते. मागून पाहायचा मान बापूंचा. त्यांच्या डोक्याच्या खोबरेलाचा डाग भिंतीवर उमटला होता. दर दिवाळीला तेवढ्या जागेवर मी चुन्याचे दोन हात जास्त द्यायला लावी. संक्रांतीपर्यंत तो परत येई.

पुढे क्लबात जोड्यांची स्पर्धा जाहीर झाली. आजोबांसमोर कोण बसणार?

"मी. तालमीपास्नं मीच हाय त्याच्यासंगं," बापू म्हणाले.

"तालमीत समोर बसत नाहीत, बापू. पाडतात."

"मग पाडू की, वैनी."

आजोबांनी अंग काढून घेतले. ठरले असे, की रविवारी आजोबा आणि मी एका बाजूला, बापू आणि डॉक्टर दुसऱ्या. जिंकेल त्याला क्लबात आजोबांसमोरची खुर्ची.

शेवटच्या डावापर्यंत आम्ही थोडे पुढे होतो. आजोबांनी बदाम म्हटले, डॉक्टरांनी इस्पिक. चढत चढत डॉक्टर चार इस्पिकांवर आले. माझी पाळी. माझ्या पत्त्यांना पास शोभला असता. पण बदाम आजोबांनी आधी म्हटले होते. मी ते वाढवले तर खेळणार ते, आणि डमी मी.

"पाच बदाम," मी म्हटले.

आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. आता बापू. "डबल" म्हणायला ज्यांना श्वासही लागत नसे, त्यांनी हातातले पत्ते मिटून धरले. आधी माझ्याकडे पाहिले, मग आजोबांच्या खुर्चीमागच्या भिंतीकडे.

"पास," ते म्हणाले.

मी पत्ते मांडले आणि त्या जागी जाऊन उभी राहिले. आजोबा विचारात पडले की त्यांचा उजवा कान हलत होता. गाईचा हलतो तसा, पण अगदी हळू. दर पानाआधी. इतकी वर्षे संसार करून मला हे ठाऊक नव्हते.

दोन हात कमी पडले. हुकमाचे राजा-राणी बापूंकडे निघाले. डबल असते तर आम्ही हरलो असतो. तेवढ्या एका शब्दाने वाचलो. डॉक्टर तापले. "एवढे हुकूम धरून पास? तुम्ही?"

"डुलकी लागलीती," बापू म्हणाले.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. चप्पल घालता घालता त्यांनी विचारले, "कान बघितला?"

"बघितला."

"साळंपास्नं हलतुया. त्याला म्हाईत न्हाय, सांगू नगा." मग फेटा चढवत म्हणाले, "ती बोली माझी हुती, वैनी. आपल्याच बोलीला डबल कसं म्हनायचं?"

क्लबात मी खेळले. बापू प्रत्येक फेरीला आजोबांच्या मागे उभे होते. मला राग आला नाही असे नाही.

त्या दिवाळीपासून तेवढ्या भिंतीला मी चुना लावू दिला नाही. आजोबा गेले, बापू गेले, टेबलाचे हिरवे कापड कसरीने खाल्ले. भिंतीवरचा तेलाचा डाग अजून आहे. त्याच्याखाली वीतभर अंतरावर दुसरा, फिकट डाग आहे. तो माझा.