खोली भरून दाखवली त्याची गोष्ट

फोन ठेवून काकूंनी संस्थेच्या खोलीचं दार उघडलं. आत एक झाडू होता, एक रिकामं कपाट होतं आणि बाकी नुसती फरशी.

संस्था म्हणजे ही खोलीच. घरात कुणी आजारी पडलं, कुणाचा पाय मोडला, की इथून चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची फुकट न्यायची आणि माणूस हिंडू-फिरू लागला की आणून द्यायची. मागणारे वाढत चालले होते, वस्तू मात्र होत्या तेवढ्याच, त्याही झिजलेल्या. आता कुणी हातभार लावला नाही तर टाळं लावायचं, इथवर गोष्ट आली होती. अशात लाकडाच्या वखारीचे मालक आत्ताच फोनवर स्वतःहून म्हणाले होते, "उद्या सकाळी येतो. तुमचं काम डोळ्यांनी बघतो, मग बोलू." वखारवाले एरवी पैसा सोडायचे तो दहादा उलटसुलट करून.

"बघणार काय? झाडू?" काकूंनी खजिनदाराला विचारलं. खजिनदार म्हणजे समोरचा शिंपी.

तोंडातली टाचणी काढून तो म्हणाला, "काकू, दुकानात माल दिसला पाहिजे. रिकाम्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक चढत नाही. एका सकाळपुरतं सगळं परत मागवा."

काकूंना ते पटलं. त्यांनी घरोघरी फोन फिरवले. काकूंच्या शब्दाला नाही म्हणणार कोण?

सकाळी सामान यायला लागलं, पण त्याच्या पाठोपाठ माणसंही आली. पोहायला शिकवणारे मास्तर प्लास्टरमधला पाय सांभाळत आले आणि वॉकर देऊन पायरीवरच बसले, कारण आता परत जायची सोय नव्हती. चाकाच्या खुर्चीतल्या आजी खाली उतरेनात. "उतरेन गं, पण पुन्हा बसवणार कोण?" शेवटी त्यांची समजूत घालून त्यांना आणि मास्तरांना शिंप्याच्या दुकानात पडद्याआड बसवलं. मागच्या गल्लीतल्या पोस्टमास्तरांच्या सुनेनं कमोडची खुर्ची आणली आणि हळूच म्हणाली, "काकू, लवकर आटपा हं. बाबांचा चहा झालाय."

काकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, एकेक वस्तू पुसून आरशासारखी केली. खोली कशी भरल्या घरासारखी दिसायला लागली. तेवढ्यात वखारवाले आले. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली, जवळच्या खुर्चीवर बैठक मारली आणि म्हणाले, "वा! बराच माल आहे की."

काकू फुलल्या. शिंप्यानं दारातून भुवया उडवल्या.

"पण मग नवीन कशाला पाहिजे? आहे तेच धूळ खात पडलंय."

"धूळ नाही हो," काका दुखावून म्हणाले, "आत्ताच पुसलंय मी."

"तेच म्हणतोय. वापरातली वस्तू इतकी चकचकीत कशी राहील? वखारीत माल पडून असला तर मी नवं लाकूड घेत नाही. आधी हे खपवा, मग बघू."

काकू काही बोलणार, तोच पोस्टमास्तरांची सून धापा टाकत आत शिरली.

"काकू, झालं का? अहो शेठ, उठा! उठा पटकन! बाबांना दम निघत नाहीये!"

वखारवाले गोंधळून उठले. तिनं त्यांच्याखालची खुर्ची उचलली आणि पळाली. आपण कशावर बसलो होतो हे त्यांच्या ध्यानात येतंय तोवर समोरून आजींचा आवाज आला, "माझी गाडी आणा रे! कंबर मोडली माझी!" मास्तर तर थांबलेच नाहीत. शिंप्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडी घालत आले आणि वॉकर घेऊन गेले. मग एकेक जण आला आणि आपापलं घेऊन चालता झाला. खोलीत उरली फक्त माणसं.

"हा काय प्रकार आहे?" वखारवाल्यांनी विचारलं.

काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. "खरं सांगू? खोली रोज अशीच असते. वस्तू येते ती पुढच्या घरी जाण्यापुरती. परवा शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्याची बायको आली होती. तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं मी. रिकामी खोली तुम्हाला दाखवायची लाज वाटली, म्हणून हा थाट."

वखारवाल्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते पोट धरून हसायला लागले.

"बाई, मालाला उठाव असतो हे जन्मभर बघतोय. पण बसलेल्या माणसाला उठवून माल नेतात, असला उठाव पहिल्यांदा बघितला! काय काय लागेल ते सांगा. पहिली खुर्ची त्या रंगाऱ्याच्या घरी."

काकूंनी लगेच यादी करायला घेतली. इतक्यात सून परत आली. घामाघूम, पण चेहऱ्यावर समाधान.

"सुटले हो बाबा एकदाचे!"

वखारवाल्यांचं हसू मावळलं. त्यांनी हात जोडले. "अरेरे. देवाची इच्छा."

"अहो, तसे नव्हे!" काकू घाईघाईनं म्हणाल्या. "पोचली खुर्ची वेळेवर!"

वखारवाल्यांनी जोडलेले हात सोडले आणि हुश्श केलं.

"मग यादीत तसल्या दोन धरा," ते म्हणाले. "एवढ्या घाईत एकीवर भागायचं नाही."