खैरनार सरांचा बेडूक

आमच्या नाशिकच्या कॉलेजात खैरनार सर आजही बेडूक कापून दाखवतात. फक्त बेडूक नसतो.

कॉलेजातल्या चिरफाडीवर बंदी आली, तेव्हा संगणकावरचा बेडूक विकत घेतला गेला. सरांनी तो एकदाच पाहिला. "हाऊ काय बेडूक शे? हाऊ ते नुसता फोटो शे!" सर मूळचे नामपूरचे, तापले की अहिराणीत शिरतात. तेव्हापासून समोर रिकामा ट्रे, हातात चिमटा आणि तोंडाने, "आता कातडी अलगद उचला. ए, कोपर काढ, त्याचा पाय दाबला जातोय!" मुलगा दचकून कोपर काढतो. मी मराठी शिकवतो. माझ्या तासाला कविता पुस्तकात छापलेली असूनही कोणाला दिसत नाही.

मागे एक मुलगी या प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडली. वडिलांनी तक्रार केली, कॉलेजात चोरून बेडूक कापतात म्हणून. तिघांची चौकशी समिती आली. आधी शाल-श्रीफळ झालं, मग चौकशी. सरांची निवृत्ती जवळ आलेली. शेवटी शेवटी प्रॅक्टिकलच बंद होतंय की काय, या धास्तीने त्यांचा चेहरा उतरला होता.

"बेडूक कुठाय?" अध्यक्षांनी दरडावलं.

"हा काय, साहेब."

"कसा कापता, दाखवा."

सरांनी दाखवलं. हृदयापाशी आल्यावर हळूच म्हणाले, "बघा, अजून चालू शे." अध्यक्ष पुढे वाकले. शेजारच्या सदस्याने डाग पडू नये म्हणून फाइल उचलून मांडीवर घेतली. समितीतल्या बाईंनी काळजीने विचारलं, "भूल दिलीय ना हो?"

"दिलीय की, मॅडम."

मग अध्यक्ष भानावर आले, खाकरले आणि त्यांनी निकाल सांगितला: प्राणी आढळला नाही, प्रॅक्टिकल चालू ठेवावं.

समितीला गाडीत बसवून मी पेढे घेऊन प्रयोगशाळेत गेलो. सर अजून ट्रेवर वाकलेले. सुई ओढावी तसा हात वर-खाली होत होता.

"आता काय चाललंय, सर?"

"टाके."

"प्रॅक्टिकलमध्ये टाके कधीपासून?"

"पूर्वी नव्हते. कापायचा, बादलीत टाकायचा. उभा जन्म तेच केलं हो." त्यांनी शेवटची गाठ मारली. "आता मुलं गेली की एकेक शिवून सोडतो."

हातांची ओंजळ मिटून ते मागच्या हौदाकडे निघाले. मी दारातच उभा होतो.

"जरा सरका. उडी मारेल."

मी सरकलो. सरांनी हौदाशी वाकून ओंजळ उघडली. त्यांना पेढा द्यायला मी पुढे निघालो, तेव्हा प्रत्येक पाऊल आधी खाली बघून टाकलं.