पुढे गेलेला टीएसएच

बायकोच्या रिपोर्टात टीएसएच वाढला, आणि डॉक्टरांनी थायरॉइडच्या गोळीचा डोसही वाढवला. घड्याळजींच्या डोक्यात हे काही केल्या बसेना. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. पुढे गेलेलं घड्याळ मागे करायचं, हे त्यांना झोपेतसुद्धा कळायचं. (झोपेत त्यांना बरंच कळायचं, पंचाईत जागेपणी व्हायची.) त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, ही मोठी गोळी आपल्या घरात येणार नाही.

खरं सांगायचं तर माणूस घाबरला होता. मागच्या वर्षी असाच डोस वाढवला, तेव्हा बायकोच्या छातीत अशी धडधड सुरू झाली की तो परत कमी करावा लागला. ती निवांत झोपायची आणि हे तिच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसायचे. (दुसऱ्या हातात घड्याळ, तेही गिऱ्हाइकाचं.) तेव्हापासून गोळी द्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. बायकोवर फार जीव, पण तोंडाने सांगायची सवय नाही. म्हणून ते गोळी द्यायचे.

"लॅबचं मशीन बिघडलं असणार," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये तिचं रक्त तपासून घेतलं. तिथे आकडा आणखी वर निघाला. तरीही दोन्ही रिपोर्ट काखेत मारून, बायकोला पुढे घालून, स्वारी दवाखान्यात हजर झाली.

"डॉक्टर, वाढलंय ते कमी करायचं सोडून तुम्ही आणखी वाढवताय?"

डॉक्टरबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. शांतपणे म्हणाल्या, "काका, हा आकडा थायरॉइडचा नाही. थायरॉइड सुस्तावला की मेंदूकडून त्याला हाका जातात. हा आकडा त्या हाकांचा. तो ऐकत नाही, म्हणून आवाज वाढलाय."

"मला कळलं," बायको म्हणाली. "आमच्याकडे रोज असंच असतं."

"मग हाका मारणाऱ्याला गप्प करा," घड्याळजी म्हणाले.

"त्यासाठी ऐकणाऱ्याला हलवावं लागतं," बायकोने परस्पर उत्तर दिलं.

डॉक्टरांना हसू आवरेना. "बरं, आधी सांगा, गोळी घेता कशी?"

बायको एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली. घड्याळजींची छाती मात्र फुगली. "मी देतो ना. एक दिवस चुकलो नाही. सकाळी अंथरुणातच, दुधाच्या दाट चहाबरोबर. गरम घोटाने कशी झटकन उतरते."

"उतरते, पण लागू पडत नाही," डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा तासाभराने. काकू, मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?" घड्याळजी बायकोकडे वळले.

"काय बोलणार? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला अंथरुणात चहा आणून देत होतं. गोळीचं सांगितलं तर चहाही बंद होईल, अशी भीती वाटली. म्हटलं, येऊ दे थोडी सुस्ती."

घड्याळजींना गलबलून आलं. त्यांनी उगाचच चष्मा पुसला. "बंद कशाला होईल? तासाभराने आणीन की." मग त्यांना मूळ भांडण आठवलं. "पण डॉक्टर, डोस वाढवायला नको होता, हे माझंच खरं निघालं ना?"

"निघालं हो, काका. सध्या आधीचाच डोस ठेवू, मग पुन्हा तपासू," म्हणत डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन लिहिलं.

केमिस्टच्या काउंटरवर घड्याळजींनी ते ऐटीत ठेवलं. "बघा, डॉक्टरांना माघार घ्यायला लावली."

केमिस्टने कागद वाचला, घड्याळजींकडे पाहिलं, परत वाचला. मग तो बायकोला म्हणाला, "काकू, गोळी आहे. पण खाली 'नवरा (चहासकट), गोळीनंतर एक तासाने' असंही लिहिलंय. तो आम्ही ठेवत नाही."

"राहू द्या," बायको म्हणाली. "आहे घरी एक. जुना आहे, जरा मागे पडतो, पण चालतोय अजून."